फुटबॉल मॅनेजर २०२४ : सात महिने हाय प्रेस खेळून आलेला अनुभव (आणि एका पंख्याची भानगड)

फुटबॉल मॅनेजर म्हणजे क्लबचा मॅनेजर होऊन खेळायचा गेम, संघ आणि डावपेच आपण ठरवायचे आणि सामना बघायचा. हाय प्रेस म्हणजे समोरच्याला त्याच्याच गोलजवळ गाठून दाब टाकणं. गेममध्ये किती लीग आहेत, ग्राफिक्स कसे आहेत, हे इथे सापडणार नाही. ते सगळ्यांना पाठ आहे. मी लिहायला बसलो ते ८१व्या मिनिटामुळे.

मार्च २०२५ चा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेअकरा, वरच्या मजल्यावरची खोली आणि दिवसभर तापलेला स्लॅब. सोलापूरकरांना यापुढे वर्णन लागत नाही. माझा संघ २-१ ने पुढे होता, प्लेऑफच्या जागेसाठीचा सामना होता, आणि ८१व्या मिनिटाला लॅपटॉप फटकन बंद पडला. हात लावला तर खालून तव्यासारखा तापलेला. अर्ध्या तासाने चालू करून तोच सामना पुन्हा खेळलो आणि ४-२ ने हरलो. चारपैकी तीन गोल ७० मिनिटांनंतर खाल्ले. रागाच्या भरात त्याच रात्री पुढचा भाग लिहून काढला. तो होता तसाच ठेवतोय. त्यातलं निम्मं चुकलंय, पण नेमकं कुठे चुकलं हे कळायला तो लागेल.

मार्चमध्ये लिहिलेलं :

हा गेम मी २०२४ च्या उन्हाळी सेलमध्ये पैसे मोजून घेतला. सप्टेंबरमध्ये तोच गेम एपिकवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आठवडाभर फुकट होता. पूर्व भागात राहणाऱ्या माझ्या मित्राने तो फुकट उचलला, आणि तेव्हापासून दर भेटीत पहिला प्रश्न ठरलेला, "तू कितीला घेतलास बे?" त्यामुळे वसूल होईपर्यंत खेळायचा हे तेव्हाच ठरवलं. फेब्रुवारीत २०२५ ची आवृत्ती रद्दच झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे आणखी घासायला मोकळा.

हाय प्रेसचं वेड लागलं ते ऑक्टोबरमध्ये. २६ तारखेला बार्सिलोनाने माद्रिदमध्ये जाऊन रियालला ४-० ने लोळवलं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. बार्सिलोनाचा कोच फ्लिक, त्याची बचावफळी जवळजवळ मध्यरेषेपाशी उभी, आणि रियालचा एकटा एम्बापे तिच्या पलीकडे सापडून आठ वेळा ऑफसाइड! सकाळी उठून नवीन सेव्ह सुरू केली. मोठा क्लब घेऊन जिंकण्यात मजा नाही, म्हणून गेममध्ये इंग्लंडचा जो सगळ्यात खालचा स्तर खेळायला मिळतो तो घेतला, सहावा. नॅशनल लीग नॉर्थ. २४ संघ, ४६ सामने, पहिला येणारा थेट वर आणि दुसरा ते सातवा यांच्यात प्लेऑफ.

डावपेच असा : ४-२-३-१. गेममधला तयार गेगनप्रेस (हाय प्रेसचाच डावपेच) उचलला. लाइन ऑफ एंगेजमेंट (दाब मैदानात कुठून सुरू करायचा) हाय प्रेस, ट्रिगर प्रेस (किती वेळा धावून जायचं) 'मच मोअर ऑफन', चेंडू गेला की लगेच काउंटर-प्रेस. डिफेन्सिव्ह लाइन (बचावफळी किती वर उभी राहते ती) मात्र मी खाली आणून स्टँडर्डवर ठेवली, कारण माझ्या दोन्ही सेंटर-बॅकचा, म्हणजे मधल्या बचावपटूंचा, पेस (वेग) वीसपैकी सात. त्यांना मध्यरेषेवर उभं करणं म्हणजे बैलगाडी हायवेवर आणणं.

आणि या सगळ्याचा राजा म्हणजे 'प्रिव्हेंट शॉर्ट जीके डिस्ट्रिब्यूशन'. समोरच्या कीपरला छोटा पास देऊच द्यायचा नाही. सेटिंगमधल्या या एका खुणेवर (टिकमार्कवर) माझं प्रेम बसलं. गोलकिकच्या वेळी आपले चौघे त्यांच्या पेटीच्या (पेनल्टी बॉक्सच्या) तोंडावर उभे राहतात, कीपर डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, सगळीकडे आपलेच. शेवटी वैतागून लांब लाथ हाणतो. हे बघताना जो आनंद होतो तो गोल केल्यावरही होत नाही. प्रत्येक डावपेचात, प्रत्येक सामन्यात ही खूण चालू.

पहिल्या हंगामात डिसेंबरपर्यंत तिसरा होतो. फेब्रुवारीत सात जण जखमी. संपवलं अकराव्या नंबरवर. या स्तरावरचे बरेच खेळाडू अर्धवेळ, आठवड्यात सराव मोजकेच, आणि स्टॅमिना आठ-नऊच्या वर फारसा कुणाचा नाही. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. पहिल्याच दिवशी टाकी सांडली तर पुढे काय होतं हे मला कुणी शिकवायला नको. तेच इथे. दुसऱ्या हंगामातही तीच रड. निष्कर्ष : हाय प्रेस हा श्रीमंत क्लबांचा खेळ आहे. गरिबाने मागे बसून काउंटर मारावा. पाचपैकी तीन तारे, तेही फुकट मिळाला असता तर.

(मार्चचं इथे संपलं.)

आता लॅपटॉप. वॉरंटीचे दोन महिने शिल्लक होते म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, वकील परवडत नाही. चार दिवसांनी उत्तर आलं, पंख्यात 'बाहेरची वस्तू' सापडलीय, वॉरंटीत बसत नाही, ६,८०० रुपये होतील. बाहेरची वस्तू कोणती, तर कापूस. आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आणि दुपारी माग चालू असताना ऑफिसच्या खोलीत बसून मी हा गेम खेळतो, हे कबूल. पण टॉवेलच्या गावात लॅपटॉप विकायचा आणि कापसाला बाहेरची वस्तू म्हणायचं? काउंटरवरच्या पोराशी अर्धा तास भांडलो. त्याचा दोष नव्हता हे नंतर कळलं, पण तेव्हा तोच समोर होता.

शेवटी ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने झाकण उघडून चिमट्याने पंख्याच्या जाळीवरून नमद्यासारखी जाड पट्टी सोलून काढली आणि म्हणाला, "यात एक हातरुमाल निघंल." नवी पेस्ट, सफाई, ९०० रुपये. पण त्याच्याकडे गर्दी, त्यामुळे लॅपटॉप दहा दिवस तिथेच.

या दहा दिवसांनी माझं मत फिरवलं. संध्याकाळी मी मित्राकडे बसायला लागलो. त्याचा लॅपटॉप माझ्याहून जुना, पण तो अख्खाच्या अख्खा सामना बघत होता, नुसते हायलाइट नाही, आणि मशीन थंडगार. कसं काय विचारलं तर म्हणाला, "टू-डी लाव की बे." जुनं वरून दिसणारं मैदान, रंगीत गोळ्या पळतात, बस्स. हा पर्याय मला माहीत होता, पण थ्री-डीचे पैसे दिलेत तर थ्री-डीच बघायचं, हा माझा हिशोब. आणि थ्री-डीत मशीन तापतं म्हणून मी पाच महिने फक्त 'की' हायलाइट बघत होतो. म्हणजे गोल कसा झाला तेवढंच दिसायचं. त्याआधीची चार मिनिटं कधीच नाही.

माझा लॅपटॉप आला त्या रात्री टू-डीत पूर्ण सामना लावला. वीस मिनिटांत घाम फुटला, आणि या वेळी खोलीमुळे नाही.

माझे पुढचे चार जण त्यांच्या पेटीपाशी. माझे बचावपटू, मीच भीतीपोटी खाली ओढलेले, खूप मागे. मध्ये दोन मिडफिल्डर, दोन एकाकी गोळ्या, आणि त्यांच्या भोवती पार्क मैदानाएवढी मोकळी जागा. आणि मग माझी लाडकी खूण आपलं काम करते. कीपरला छोटा पास बंद, तो लांब लाथ हाणतो, चेंडू माझ्या चौघांच्या डोक्यावरून थेट त्या मोकळ्या जागेत. तिथे त्यांचा धिप्पाड स्ट्रायकर उभा. सहाव्या स्तरावर असा एक तरी गडी जवळजवळ प्रत्येक संघात सापडतो. तो डोक्याने चेंडू खाली सोडतो, दुसरा चेंडू (हा खाली सुटलेला) त्यांचा, आणि माझे चौघे उलट पावली साठ मीटर पळत येतात. हे एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा. सत्तराव्या मिनिटानंतर पाय का निकामी व्हायचे, वेगळं सांगायला नको.

ज्या लाथेवर मी टाळ्या वाजवत होतो, तीच त्यांना हवी होती. माझा प्रेस म्हणजे त्यांना दिलेलं आमंत्रण होतं. पाच महिने!

खरं तर हे फुटबॉलमध्ये जुनंच आहे. कोच आरिगो साकीचा एसी मिलान, १९८९ आणि १९९० चा युरोपियन कप जिंकलेला, त्याचा आग्रह असायचा की शेवटच्या बचावपटूपासून पुढच्या स्ट्रायकरपर्यंत अंतर साधारण २५ मीटरच राहिलं पाहिजे. मी हे वाचलं होतं, मित्राला ऐकवलंही होतं. माझ्या संघात ते अंतर मोजायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पप्पा मागे येऊन उभे राहिले. त्यांना फुटबॉलमध्ये रस नाही. थोडा वेळ गोळ्या बघितल्या आणि विचारलं, "हे सगळेच का पळायलेत?" मी म्हटलं, दाब टाकायचा असतो. ते म्हणाले, "सगळेच धागे ताणून धरले तर टॉवेल होत नाही, चादर होते." टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम असतात. एक ताणलेला, एक ढिला, आणि त्या ढिल्यातूनच लूप उठतात. एवढं बोलून ते बिलाची वही घेऊन गेले. पुढचा डावपेच मी त्या वाक्यावर बांधला असं म्हटलं तर त्यांना आवडेल, म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

बदल फार नाहीत. ती खूण काढली. कीपरला छोटा पास देऊ दे. लाइन ऑफ एंगेजमेंट मिड ब्लॉक, म्हणजे दाब मैदानाच्या मध्याकडून. डिफेन्सिव्ह लाइन, छाती धडधडत, हायरवर. सात पेसवाले सेंटर-बॅक आता पळण्याच्या शर्यतीत कमी सापडतात, कारण चेंडूवर आधीच कुणीतरी असतं आणि लांब पास मारायला समोरच्याला वेळ मिळत नाही. ट्रिगर प्रेस एक पायरी खाली, नुसतं 'मोअर ऑफन'. काउंटर-प्रेस तसाच. एकच स्ट्रायकर, प्रेसिंग फॉरवर्ड (पुढून दाब टाकणारा). त्याचा वर्क रेट (मेहनत) १५, फिनिशिंग (गोल मारणं) ८. गोल कमी करतो, पण ते चालतं.

आणि खरी कमाई अपोझिशन इन्स्ट्रक्शन्समध्ये (समोरच्या एकेका खेळाडूबाबतच्या सूचनांमध्ये) आहे, जिकडे मी कधी फिरकलो नव्हतो. सामन्याआधी त्यांच्या दोन सेंटर-बॅकची पासिंग आणि कंपोजर (दबावात शांत राहणं) बघायची. या स्तरावर दोघांतला एक तरी पासिंगमध्ये पाच-सहाचा असतोच. त्याच्यावर 'ट्रिगर प्रेस : ऑल्वेज' आणि चेंडू त्याच्या कमजोर पायाकडे वळवायचा. दुसऱ्याला मोकळं सोडायचं. कीपर मोकळ्याला देतो, मोकळा फिरून कच्च्याला देतो, आणि कच्च्याकडे चेंडू आला की तिघे एकदम तुटून पडतात. बाकीचे जागेवर. एकाच ठिकाणी ताण, बाकी ढिलं.

दुसऱ्या हंगामात उरलेल्या सामन्यांत पाचव्या नंबरपर्यंत आलो, प्लेऑफमध्ये पेनल्टीवर बाहेर. तिसऱ्यात २९ सामने झालेत, दुसरा आहे. जखमी दोन. ७० मिनिटांनंतर गोल अजूनही खातो, पण आता तिथेच नेमाने गाडी अडत नाही.

तोटेही लिहितो, नाहीतर कुणी म्हणेल विकायला बसलाय. चिखलाच्या मैदानावर हा डावपेच अर्धाच चालतो. समोरचा कीपर स्वतःहूनच लांब मारणारा असेल तर सापळ्यात कुणी येतच नाही, तेव्हा लाइन एक पायरी खाली घेऊन दुसऱ्या चेंडूसाठी उंच मिडफिल्डर आणावा लागतो. नवीन खेळाडू आला की डावपेचाची सवय व्हायला आठवडे जातात, आणि अर्धवेळ क्लबात ते जास्तच जाणवतं. आणि बचावफळी वर ठेवली की कधीतरी फटका बसणारच. ६ मेच्या रात्री मिलानमध्ये बार्सिलोनाने इंटरकडून जादा वेळेत ४-३ ने मार खाल्ला, दोन सामन्यांत मिळून सात गोल. मित्र म्हणाला, "बघ, तुझा फ्लिक." पण त्याच फ्लिकने त्याच महिन्यात ला लीगा जिंकलीच.

तारे आता साडेचार. अर्धा कापला तो एपिकमुळे, तो परत मिळणार नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचा परवा फोन आला, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? मी विचारलं, बाहेरची वस्तू धरून की सोडून? त्यांनी फोन ठेवला.

ती खूण मात्र मनातून गेलेली नाही. गेल्या रविवारी घरच्या मैदानावर १-० ने पुढे, ८६वं मिनिट. म्हटलं एकदाच, जुनी आठवण म्हणून. लावली. चौघे पेटीपाशी धावले, कीपरने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि लांब लाथ हाणली. त्यांच्या धिप्पाड गड्याने डोक्याने खाली सोडला. १-१. खूण काढली आणि सेव्ह केलं. पंखा एकदाही वाजला नव्हता.