पॉकेट कापडी डायपर: दिवसा पास, रात्री काठावर

दिवसभराच्या वापराला हा डायपर चांगला आहे, पण सगळा खेळ आतल्या पॅडचा. बाहेरून जलरोधक थर दिलेलं पॉलिएस्टर, आतून मऊ फ्लीस आणि मधल्या खिशात पॅड. सोबत बहुधा मायक्रोफायबरचं पॅड येतं. ते झटकन शोषतं, पण दाबलं की पाणी सोडतं. बाळाला कडेवर घेतलं की मांडीशी ओल. रात्रीसाठी त्याच्याखाली सुती किंवा हेम्पचं (भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं) पॅड घाला. मायक्रोफायबर थेट कातडीला मात्र लावू नका, कातडी कोरडी पडते.

नवं हेम्पचं पॅड पहिल्या दिवशी गळतं आणि बोल डायपरला लागतो. त्यातली नैसर्गिक तेलं निघायला चार-पाच धुणी तरी लागतात.

लास्टिक मांडीवर नको, जांघेच्या घडीत चड्डीसारखं बसवा. एक बोट सहज आत गेलं पाहिजे. फट दिसली तर गळणारच. पॅडचा कोपरा बाहेर डोकावला तरी झबलं भिजतं, आणि हे बहुतेक वेळा घाईत होतं.

धुताना आधी गार पाण्यात खळबळून घ्या. सॉफ्टनर नको, त्याचा थर बसून पॅड शोषेनासं होतं. बाळाच्या पुरळावर लावतात त्या झिंक ऑक्साइडच्या मलमाचंही तेच. ड्रायरच्या कडक उष्णतेने बाहेरचा थर सुटतो.

पॅड वाळल्या वाळल्या खिशात भरून ठेवा. पहाटे तीनला, रडतं मूल समोर असताना, ते काम नको वाटतं.