पॉलिकीटाइड की पेप्टाइड? कोकणातल्या मातीवर प्रकल्प निवडताना

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने मातीतील प्रतिजैविकांवर प्रकल्प करायचे ठरवले, की त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा येतात: पॉलिकीटाइडे (छोटे कार्बनी तुकडे एकामागून एक जोडून घडणारे रेणू) आणि राइबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, मदतीशिवाय तयार होणारी पेप्टाइडे (अमिनो आम्लांच्या साखळ्या). दोन्ही स्ट्रेप्टोमायसिस आणि तिच्या नात्यातले जिवाणू महाकाय एन्झाइमांवर घडवतात. अभ्यासाची रीत मात्र निराळी आहे.

पॉलिकीटाइडाचा कच्चा माल अगदी मोजका असतो. एरिथ्रोमायसिन तयार करताना जिवाणू एका प्रोपिओनिल-कोएपासून (कोए म्हणजे कोएन्झाइम ए, हे तुकडे वाहून आणणारा रेणू) सुरुवात करतो, त्याला एकामागून एक सहा मिथाइलमॅलोनिल-कोए जोडतो आणि तीन प्रचंड प्रथिनांवरून पुढे सरकलेली ही साखळी अखेर १४ अणूंच्या कड्यात बंद होते. जांभ्याचे एकाच मापाचे चिरे एकावर एक रचावेत, पण प्रत्येक चिरा बसवल्यावर वेगळा तासावा, तसे हे काम चालते: प्रत्येक जोडणीनंतर कीटो गट (कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन) तसाच ठेवायचा की हायड्रोजन जोडून कमी-अधिक क्षपित करायचा, हे त्या टप्प्यावरच्या एन्झाइमवर ठरते. एवढे होऊनही कडे निष्क्रियच असते. त्यावर हायड्रॉक्सिल गट आणि दोन शर्करा चढल्यावरच ते जंतूंना रोखते. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हॅमायसिन हे बुरशीनाशकही याच कुळातले.

पेप्टाइडांत विविधता कच्च्या मालातच असते. व्हँकोमायसिनमध्ये सात अमिनो आम्ले आहेत आणि डॅप्टोमायसिनमध्ये १३. त्यांपैकी काही नेहमीच्या प्रथिनांत आढळतच नाहीत, ती जिवाणू मुद्दाम तयार करतो. कोणते आम्ल निवडायचे हे एन्झाइमच्या एका खोबणीवर ठरते, आणि १९९९ पासून त्या खोबणीचा जनुकीय क्रम वाचून आम्लाचा अंदाज बांधता येतो. ही सोय मोठी आहे, पण तिच्यासाठी जनुकक्रम हाती हवा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: साधी प्रयोगशाळा असेल तर पॉलिकीटाइड निवडावे. माध्यमात प्रोपिओनेट (यातून प्रोपिओनिल-कोए बनते) घातल्यावर जंतुरोधी वलय, म्हणजे वसाहतीभोवतीची इतर जंतू न वाढलेली जागा, मोठे होते का, हे पेट्रीडिशवरच पाहता येते. एरिथ्रोमायसिनच्या उद्योगातही प्रोपॅनॉल घालून उत्पादन वाढवतात. जवळच्या संस्थेत मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचे वजन मोजणारे यंत्र) मिळणार असेल, तर मात्र पेप्टाइड सरस, कारण रेणू तुटताना पडणाऱ्या तुकड्यांच्या वजनांवरून अमिनो आम्लांचा क्रम बराचसा उलगडतो.

हवे ते जनुक आहे का हे पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, तपासताना सावध राहावे. या जिवाणूंच्या डीएनएत जीसीचे (ग्वानिन व सायटोसिन या घटकांचे) प्रमाण फार असते (स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलरमध्ये ७२ टक्के), त्यामुळे डीएमएसओ हे द्रावक घातल्याशिवाय अनेकदा जेलवर डीएनएचा पट्टाच दिसत नाही. शिवाय कीटोसिंथेजसारख्या, साखळीत तुकडे जोडणाऱ्या एन्झाइमाचे जनुक मेदाम्ले बनवण्यासाठीही लागते, तेव्हा नुसत्या पट्ट्यावरून पॉलिकीटाइड सापडले असे लिहू नये. आणि जनुक असले तरी पदार्थ तयार होतोच असे नाही: २००२ मध्ये सीलिकलरचा जीनोम वाचला तेव्हा अशा पदार्थांचे २० हून अधिक जनुकसमूह दिसले, पण ओळखीचे पदार्थ मोजकेच होते.

माती कोणतीही घेतली तरी ती आधी सावलीत वाळवावी, म्हणजे झपाट्याने वाढणारे इतर जिवाणू कमी होतात. खडूच्या भुकटीसारख्या, अगारला घट्ट चिकटलेल्या आणि पहिल्या पावसाचा वास देणाऱ्या वसाहती उचलाव्यात. खाडीकाठच्या खार जमिनीतला नमुना असेल तर माध्यमात समुद्री मीठ घालावे. कांदळवनातला चिखल घेण्याआधी वन विभागाला विचारावे.