मोल्ड लिंकर: वेगाला पैकीच्या पैकी, पण डायनॅमिक सिम्बॉल टेबल उघडून पाहा

नागपुरातलं मिहान असो की परसोडीचं आयटी पार्क, उबुंटूवर मोठा सी++ प्रकल्प बांधणाऱ्या प्रत्येक टीममध्ये हा प्रश्न निघतोच: जीएनयू एलडी हा नेहमीचा लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारं साधन) काढून मोल्ड हा नवा लिंकर लावायचा का? रोजच्या बिल्डसाठी आजच लावा. ग्राहकाकडे जाणाऱ्या बिल्डसाठी मात्र खाली दिलेली तपासणी झाल्याशिवाय नको.

वेगाबद्दल वादच नाही. मोल्डच्या स्वतःच्या चाचणीत १६ कोअरच्या यंत्रावर क्लँग १९ हा कंपायलर लिंक करायला जीएनयू एलडीला ४२ सेकंद लागले, एलएलव्हीएमच्या एलएलडी लिंकरला ५.२ आणि मोल्डला १.३५. रुई उएयामा यांनी एलएलडीच्या ईएलएफ (लिनक्सचा बायनरी फाइल-प्रकार) आवृत्तीवर काम केल्यानंतर हा लिंकर लिहिला. १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये आली. २०२३ च्या २.० पासून परवाना कडक अटींच्या एजीपीएलऐवजी मोकळा एमआयटी झाला, त्यामुळे कंपनीच्या कायदा विभागाची कुरकुरही संपली.

बसवणं सोपं आहे, एक खाच सोडली तर. ‘-एफयूज-एलडी=मोल्ड’ हा पर्याय जीसीसी कंपायलरला १२.१ पासूनच कळतो. उबुंटू २२.०४ वर जीसीसी ११ येतो, तिथे तो पर्याय सरळ नाकारला जातो. अशा यंत्रावर ‘मोल्ड -रन मेक’ चालवा. हा प्रकार एलडी-प्रीलोड वापरून एलडीच्या जागी मोल्ड घुसवतो, म्हणून स्टॅटिक बांधलेल्या कंपायलरवर तो चालत नाही. शेवटी ‘रीडएल्फ -पी .कॉमेंट’ने फाइल पाहा. त्यात मोल्डचं नाव नसेल तर तुम्ही अजून जुन्याच लिंकरवर आहात, आणि हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

आता खरा मुद्दा. एक्झिक्युटेबलमध्ये दोन सिम्बॉल टेबलं, म्हणजे फंक्शन आणि व्हेरिएबलच्या नावांच्या याद्या, असतात. ‘.सिमटॅब’ डीबगरसाठी असतं, ते स्ट्रिप केलं की जातं. ‘.डिनसिम’ लोडरसाठी, म्हणजे चालवताना लायब्ररी जोडणाऱ्या भागासाठी असतं; हेच डायनॅमिक सिम्बॉल टेबल, ते राहतं. ६४ बिटमध्ये त्याची प्रत्येक नोंद २४ बाइटची, पहिली नोंद कायम रिकामी, आणि नावं वेगळ्या ‘.डिनस्ट्र’मध्ये. बाहेरून हवी असलेली नावं तर त्यात येतातच. पण एक्झिक्युटेबलने स्वतः व्याख्या केलेलं ग्लोबल नाव सहसा तेव्हाच येतं, जेव्हा लिंक करताना समोर असलेल्या एखाद्या शेअर्ड लायब्ररीचा त्या नावाशी संबंध असतो. बाकीची आत असूनही लोडरला दिसत नाहीत.

प्लगिनवाले नेमके इथेच फसतात. प्लगिन चालू प्रोग्रॅममध्ये डीएलओपन या फंक्शनने उघडलं जातं, लिंकरने ते पाहिलेलंच नसतं. मग ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ येतो आणि बोट नव्या लिंकरकडे जातं. मोल्डचा यात दोष नाही, जीएनयू एलडी आणि एलएलडीही असेच वागतात. त्यात डीएलओपनला आरटीएलडी-लेझी दिलं असेल तर फंक्शनची चूक उघडताना कळत नाही, पहिल्या कॉलला प्रोग्रॅम कोसळतो. आरटीएलडी-नाऊ द्या, जे मरायचं ते दारातच मरेल.

यावर सगळे ‘-आरडायनॅमिक’ लावून मोकळे होतात. म्हणजे चमचाभर तर्री हवी होती आणि अख्खं पातेलं पोह्यांवर उपडं केलं. सगळी ग्लोबल नावं टेबलात जातात. १०,००० नावांचे नुसत्या नोंदींचेच २,४०,००० बाइट, वर सी++ची लांबलचक नावं. न वापरलेला कोड काढून टाकणारी जीसी-सेक्शन्सची साफसफाईही लंगडी होते, कारण बाहेर दाखवलेलं प्रत्येक नाव ‘वापरात आहे’ असंच धरलं जातं. त्याहून वाईट म्हणजे शोधात एक्झिक्युटेबलचा नंबर पहिला असतो. प्लगिनमध्ये आणि तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकाच नावाचं फंक्शन असलं की प्लगिन स्वतःचं सोडून तुमचंच बोलावतं. ही चूक शोधण्यात दिवस जातो, राजेहो.

योग्य मार्ग ‘--डायनॅमिक-लिस्ट’. महिरपी कंसात हवी तेवढी नावं, प्रत्येक नावानंतर अर्धविराम, शेवटच्या कंसानंतरही अर्धविराम. एखाद-दुसरंच नाव असेल तर ‘--एक्सपोर्ट-डायनॅमिक-सिम्बॉल’ पुरे, तो जीएनयू एलडीत २.३५ पासून आहे. बॅकट्रेस-सिम्बॉल्सच्या (कोणत्या कॉलमधून कोणता कॉल झाला ते दाखवणाऱ्या) यादीत फंक्शनची नावं हवी असतील तर मात्र -आरडायनॅमिकला पर्याय नाही.

एवढं करूनही नाव टेबलात नाही? मग ते फंक्शन स्टॅटिक लायब्ररीत आहे का ते पाहा. ‘.ए’ फाइलमधला जो भाग मुख्य प्रोग्रॅम वापरत नाही, तो लिंकर आत ओढतच नाही, आणि जे आतच आलं नाही ते -आरडायनॅमिक कुठून दाखवणार? ‘-यू’ देऊन ते नाव मागा, किंवा त्या लायब्ररीपुरतं ‘--होल-आर्काइव्ह’ लावा आणि लगेच ‘--नो-होल-आर्काइव्ह’ने बंद करा.

मोल्डची खरी वेगळी वागणूक इथून पुढे दिसते. जीएनयू एलडीला ‘.ए’ फायलींचा क्रम लागतो, मोल्ड आणि एलएलडीला लागत नाही. म्हणून डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मोल्डने झालेलं बिल्ड रिलीजच्या यंत्रावर जीएनयू एलडीत ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ देऊन पडतं. क्रम नीट लावा, नाहीतर ‘--स्टार्ट-ग्रुप’ आणि ‘--एंड-ग्रुप’. एलएलडीवाल्यांसाठी वेगळी सूचना: १६ पासून व्हर्जन स्क्रिप्टमध्ये (बाहेर दाखवायच्या नावांची फाइल) लिहिलेलं पण अस्तित्वात नसलेलं नाव सरळ एरर होतं.

लोडरला नाव पटकन सापडावं म्हणून असलेल्या हॅश टेबलाचा पर्यायही हाताने लिहा, लिंकरच्या मर्जीवर सोडू नका. जुन्या ‘.हॅश’मध्ये एकूण सिम्बॉलची संख्या थेट मिळते, ‘.जीएनयू.हॅश’मध्ये मिळत नाही. ती संख्या धरून चालणारी साधनं अजून आहेत. २०२२ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३६ मधून जुना हॅश गेला तेव्हा लिनक्सवर अँटी-चीट वापरणारे काही गेम बंद पडले होते. अशी साधनं जवळ असतील तर ‘--हॅश-स्टाइल=बोथ’, नसतील तर ‘जीएनयू’ पुरे.

तपासणी पाच मिनिटांची आहे. तोच प्रोग्रॅम दोन्ही लिंकरने बांधा. दोन्हींवर ‘एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली’ चालवा, पत्त्यांचा रकाना गाळा, नावं क्रमाने लावून डिफ घ्या. ‘_एंड’, ‘_ईडेटा’ अशी लिंकरने स्वतः तयार केलेली नावं कमी-जास्त दिसली तर सोडून द्या. तुमच्या कोडमधलं नाव गायब असेल तर थांबा. मग ‘एलडी-डीबग=बाइंडिंग्ज’ लावून चालवा, कोणतं नाव कुठे जोडलं गेलं ते ओळीने छापून येतं.

कर्नल किंवा फर्मवेअर बांधणाऱ्यांनी जीएनयू एलडीच ठेवावा, मोल्डला पूर्ण लिंकर स्क्रिप्ट (कोणता भाग मेमरीत कुठे ते सांगणारी फाइल) झेपत नाही. गोल्ड या जुन्या लिंकरकडे तर वळूच नका, जीएनयूच्या बायन्युटिल्स २.४४ पासून तो मुख्य संचाबाहेर आहे. आणि मोल्ड सगळे कोअर एकदम कामाला लावतो. मे महिन्यात इथल्या ४५ अंशांत, कूलर बंद असताना, लॅपटॉपवर ‘--थ्रेड-काउंट=४’ देणं शहाणपणाचं.

वेग ५ पैकी ५, जीएनयू एलडीशी सुसंगतता ४.