डफल बॅग : वसंतात खुंबू, शरदात अन्नपूर्णा, आणि पोर्टर मंडळींचा अभिप्राय

ही नव्वद लिटरची, ताडपत्रीसारख्या जाड आवरणाची डफल बॅग मी वसंतात खुंबूत, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर, आणि पावसाळा सरल्यावर अन्नपूर्णा भागात वापरली. माझा वापर सकाळी ती भरणे आणि संध्याकाळी उघडणे एवढाच. मधला सगळा वेळ ती कुणा ना कुणा पोर्टरच्या पाठीवर होती. त्यामुळे तिच्याबद्दल बोलण्याचा खरा अधिकार त्यांचा आहे, आणि तो त्यांनी न विचारताही बजावला.

दुकानात जे सांगितले जाते त्यापैकी बरेचसे खरे निघाले. नामचे या खुंबूतल्या बाजारगावाहून उतरताना दिवसभर पाऊस लागला, तरी आतले कपडे कोरडे राहिले. खुंबूतल्या बारीक धुळीने चेन अडखळू लागते, पण जुन्या दातघासण्याच्या ब्रशने ती साफ होते.

विक्रेत्याने सर्वाधिक कौतुक केले होते ते खांद्यावर अडकवायच्या मऊ पट्ट्यांचे. लुक्लाला विमानतळाबाहेर आम्हाला भेटलेल्या पन्नाशीकडे झुकलेल्या, राई समाजातल्या पोर्टर दाइंनी (दाइ म्हणजे नेपाळीत मोठा भाऊ) पहिले काम काय केले असेल, तर त्या पट्ट्या सोडून, गुंडाळून बॅगेच्या आत टाकल्या. ते खोटांग जिल्ह्यातून आले होते आणि त्यांच्याकडे स्वतःचा नाम्लो होता. नाम्लोचा रुंद पट्टा कपाळाच्या वर, टाळूच्या थोडा पुढे बसतो, त्याची दोरी भारीच्या, म्हणजे बांधलेल्या ओझ्याच्या, तळाखालून जाते आणि वजन मानेतून सरळ पाठीच्या कण्यावर उतरते. खांद्यांचा त्यात फारसा संबंध येत नाही. लोंबणाऱ्या पट्ट्या झुडपात अडकतात एवढाच त्यांचा उपयोग. दाइंनी मग बॅगेवरून तळहात फिरवला, एका जागी थांबून दाबून पाहिले आणि मला ती उघडायला सांगितली. तिथे माझे जास्तीचे बूट होते. ते त्यांनी बाहेरच्या बाजूला सरकवले, पाठीकडच्या बाजूला झोपायची पिशवी पसरली आणि चेन लावून पुन्हा एकदा हात फिरवला. पुढच्या संपूर्ण प्रवासात मी बॅग त्याच पद्धतीने भरली. आमच्या एका सोबत्याने चाकांची बॅग आणली होती. तिचा आस नेमका कमरेच्या खळग्यात टेकतो, म्हणून दाइंनी ती हसत हसत बाजूला ठेवली आणि तिच्यातले सामान शेवटी एका पोत्यात गेले.

आपल्याकडे या वाटेवरच्या प्रत्येक भारवाहकाला सरसकट शेर्पा म्हणण्याची सवय आहे. प्रत्यक्षात ट्रेकिंगच्या बॅगा उचलणारे पुष्कळ जण राई, तामांग, मगर अशा इतर समाजांतले असतात, खालच्या डोंगराळ जिल्ह्यांतून हंगामापुरते आलेले. उंचीचा त्रास त्यांनाही आपल्यासारखाच होऊ शकतो, आणि थंडीही तितकीच लागते. दाइंच्या अंगातले जाड जाकीट काठमांडूतील ‘कीप’ या संस्थेच्या कपडेपेढीतून आले होते. ही पेढी पोर्टरना गरम कपडे आणि बूट वापरायला देते. १९९७ पासून पोर्टरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ची नेपाळसाठीची वजनमर्यादा ३० किलोंची आहे. व्यवहारात दोन प्रवाशांच्या बॅगा एकत्र बांधून एक भारी होते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १५ किलोंहून कमीच येतात, कारण त्यात त्यांची स्वतःची पिशवीही धरायची असते.

या हिशेबात नव्वद लिटर ही माझ्या मते या बॅगेतली सर्वांत मोठी खोट आहे. लुक्लाच्या छोट्या विमानात सामान मोजून घेतात, त्यामुळे वसंतात ती जाणवली नाही. अन्नपूर्णा भागात मात्र पोखऱ्याहून जीपने जाता येते, वाटेत कुठे काटा नसतो, आणि मोकळी जागा दिसली की माणूस ती भरतो. तिखेढुंग्याला आमची भारी उचलायला आलेला तरुण पोखऱ्याच्या महाविद्यालयात शिकत होता. दसैं, म्हणजे नेपाळचा दसरा, ऐन हंगामात येते, म्हणून यंदा घरी जाऊन वडीलधाऱ्यांकडून टीका, म्हणजे कपाळी टिळा, लावून घेणे जमणार नाही, हे त्याने तक्रारीच्या सुरात नव्हे, तर वेळापत्रक सांगावे तसे सांगितले. त्याच्या खिशात हुकाचा स्प्रिंगकाटा होता. माझी बॅग काट्याला लावून त्याने आकडा मला दाखवला, चेन उघडली, पॉवर बँकांची पिशवी आणि एक जाडजूड पुस्तक बाहेर काढले आणि दोन्ही माझ्या हातात ठेवत म्हणाला, “यो तपाईंको, दाइ.” म्हणजे, हे तुमचे, दादा. उल्लेरीच्या न संपणाऱ्या दगडी पायऱ्यांवर ते पुस्तक मीच वाहिले. त्याच्या या सडेतोडपणाचे मला कौतुक वाटले; बहुतेक पोर्टर संकोचाने गप्प राहतात आणि आपण त्याला होकार समजतो.

व्यापारी माल वाहणाऱ्यांचे गणित निराळे, कारण त्यांना मोबदला किलोवर मिळतो. नामचेच्या चढावर प्लायवूडचे तक्ते आडवे बांधून चाललेले लोक दिसतात. झुलत्या पुलावर वारा आला की ते अंग तिरके करून चालतात. काठमांडूकडून नामचेच्या बाजाराला येणाऱ्या भारवाहकांचा अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात पुरुषांचे ओझे सरासरीने स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के आणि स्त्रियांचे ६६ टक्के भरले, आणि तेही सात ते नऊ दिवसांच्या, सुमारे १०० किलोमीटरच्या वाटेवर. हे लोक थोडे चालतात आणि लगेच थांबतात. थांबताना टोक्मा, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी, भारीखाली टेकवून उभ्यानेच विसावा घेतात. आमचे दाइही तसेच करत, आणि तिथे माझ्या बॅगेचा दुसरा दोष उघड झाला. तिचा तळ मऊ असल्याने तो काठीवर पोटासारखा सुटत असे आणि भारी एका बाजूला कलत असे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोबत्याची कडक तळाची बॅग खाली आणि माझी वर घेतली. ओल्या हवेत गुळगुळीत आवरणे एकमेकांवरून घसरू लागली, तेव्हा मध्ये गोणपाटाचा तुकडा घातला.

परतताना काठमांडूत असनच्या बाजारातील एका शिलाईवाल्याकडून मी तळाला आणि वरच्या बाजूला खरखरीत कॅनव्हासचे ठिगळ लावून घेतले. शरदात घसरणे जवळपास थांबले, आणि दोरीने आवरण घासले जाण्याचे प्रमाणही कमी झाले. पोखऱ्याच्या त्या विद्यार्थ्याने ठिगळाचा फोनवर फोटो काढला आणि शिलाईचे किती पडले ते विचारून घेतले.

नवी घेणाऱ्यांनी सत्तर लिटरची, फिकट रंगाची आणि शक्यतो खरखरीत कापडाची घ्यावी. दोन्ही टोकांच्या मुठी मात्र नीट ओढून पाहाव्यात, कारण बॅग उचलताना, बांधताना, जीपच्या टपावर चढवताना प्रत्येकाचा हात तिथेच जातो. माझ्या बॅगेच्या एका मुठीची शिवण आता उसवू लागली आहे. बाकी शिलाई शाबूत आहे.