धुमसत्या गावात कॅमेरा: लगेच जायचं की थांबून?

१ सप्टेंबर २०२३ ला अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. अशा दिवसांत माहितीपट करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात.

लगेच गेलात तर जखमा, धूर, घोषणा, सगळं ताजं मिळतं. पण त्याच आंदोलनात ऑक्टोबरअखेर बीडमध्ये जाळपोळ झाली तेव्हा संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झालं. अशा वेळी फुटेज ऑनलाइन चढवता येत नाही. कार्डाच्या दोन प्रती करून एक वेगळ्या माणसाकडे ठेवावीच लागते. गर्दी विचारते, "तुम्ही कोणाकडचे?" आडनावावरून बाजू ठरते. सगळ्यात मोठी जोखीम आपली नाहीच. रागाच्या भरात बोललेली बाई उद्या त्याच गावात राहणार असते. तिचा चेहरा, घराचं दार, मागे दिसणारी पाटी यांवरून तिला ओळखतात. त्या क्षणी दिलेला होकार मी पुरा मानत नाही. आठ दिवसांनी पुन्हा विचारावं.

थांबून गेलात तर धूर मिळत नाही, माणूस मिळतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचं, म्हणजे नामांतराचंच बघा. विधिमंडळाच्या २७ जुलै १९७८ च्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळल्या, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. त्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आता नोंदवल्या नाहीत तर जातील. आठवणी सरकतात, म्हणून जुनी वर्तमानपत्रं पडताळावी लागतात.

मी दुसरी वाट धरेन. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवून, पारावर बसून.