घरी बांधलेल्या विमानाचं वायरिंग: स्वतः करावं, मकरपुऱ्याच्या वायरमनला द्यावं, की तयार हार्नेस मागवावा?

सांगाडा उभा राहिला, इंजिन फायरवॉलवर (इंजिन आणि कॉकपिटमधल्या धातूच्या भिंतीवर) चढलं, की विमान बांधणाऱ्यापुढे वायरिंग येऊन उभं राहतं. बडोद्यात हा निर्णय उलट जरा जास्त अवघड होतो, कारण इथे वायरिंग करणाऱ्यांचा तुटवडा नाही. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कंट्रोल पॅनेल बनवणारे हवे तेवढे मिळतात. ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरचं हे जुनं गाव. सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेलं कलाभवन आता एमएस युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत आहे, आणि तिथून इलेक्ट्रिकल करून निघालेला एखादा काका दांडिया बाजारातल्या बहुतेक मराठी घरांत सापडतो. मग स्वतः कशाला बोटं पोळून घ्यायची, असं वाटणं साहजिक आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, पंप, स्विच हे पॉवरचं काम स्वतः करा. रेडिओ, इंटरकॉम, डिस्प्ले यांचा हार्नेस, म्हणजे कनेक्टर लावून बांधलेली वायरींची जुडी, तयार घ्या. वायरमनला शिकवायला बोलवा, काम अंगावर द्यायला नको. आता का ते.

मकरपुऱ्याच्या वायरमनचं काम देखणं असतं, यात वाद नाही. पीव्हीसी चॅनेलमध्ये ओळीने बसवलेल्या वायरी, प्रत्येक टोकाला नंबरचं फेरूल, काटकोनात वळलेला प्रत्येक जोड. वेग असा की तुम्ही आठवडा लावाल ते तो दोन दिवसांत उरकेल. पण त्याचं पॅनेल जमिनीला बोल्ट मारून उभं असतं आणि तुमचं विमान इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत थरथरत असतं. म्हणून त्याच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी इथे नडतात. तो हाताशी असलेली पीव्हीसीची फ्लेक्सिबल वायर घेणार. ती साधारणपणे ७० अंश सेल्सिअसपर्यंतची असते आणि जळाली की तिच्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. कारखान्यात माणूस मेन स्विच पाडून बाहेर पळतो. तीन हजार फुटांवर कुठे पळणार? विमानाची वायर म्हणजे टेफझेलचं (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं) आवरण आणि कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर, स्पेसिफिकेशन २२७५९/१६. ती १५० अंशांपर्यंत आणि ६०० व्होल्टपर्यंत चालते, आवरण पातळ आणि वजनाला हलकी. हे सगळं सांगितल्यावरही वायरमन मान हलवून ‘चालशे, साहेब’ म्हणतो, तेव्हा समजायचं की पुढची वायर तो पुन्हा त्याच्याच रिळातून काढणार आहे.

दुसरी अडचण सोल्डरची. जोड पक्का करायचा म्हणजे सोल्डर मारायचं, हे आपल्याकडे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. सोल्डर वायरीच्या बारीक तारांमधून वर चढतं. जिथे ते थांबतं तिथे लवचीक वायर एकदम ताठ झालेली असते आणि थरथरीत नेमकी तिथेच मोडते. नीट आधार दिला तर सोल्डरचा जोडही टिकतो, पण तो आधार प्रत्येक ठिकाणी आठवणीने देणं आलं. चांगल्या रॅचेट टूलने केलेला क्रिम्प, म्हणजे सोल्डरशिवाय नुसता दाबून बसवलेला जोड, हे टाळतो: दाब पुरेसा बसल्याशिवाय टूल उघडतच नाही. पक्कडीने दाबलेला लग (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) मात्र कुणालाच करू देऊ नका, काकांनाही नाही.

स्वतः करण्याच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा पैशाचा आहे असं लोक धरून चालतात. मला तसं वाटत नाही. चांगलं क्रिम्प टूल, डी-सब (उपकरणांमागच्या अनेक पिनांच्या कनेक्टरच्या) पिनांचं वेगळं टूल, आवरण सोलायचं नीट स्ट्रिपर, हीट-श्रिंक, क्लॅम्प, आणि पहिल्या प्रयत्नांत वाया जाणारी वायर धरली तर बचत फारशी उरत नाही. खरा फायदा नंतर दिसतो. तीन वर्षांनी उतरताना लँडिंग लाइट विझला, तर कुठली वायर पंखाच्या कुठल्या रिबमधून (आतल्या आधाराच्या पट्टीतून) गेली आणि कुठे जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण बाजूला, जोडली, हे ज्याने ओढली त्यालाच माहीत असतं. वायरमनचा मोबाइल तेव्हा लागेलच असं नाही.

शिवाय हे गणित अवघड नाही. लँडिंग लाइटचंच घ्या. १०० वॅटचा जुना हॅलोजन १४ व्होल्टवर साधारण ७ अँपिअर खातो. स्विचपासून पंखातल्या दिव्यापर्यंत ५ मीटर वायर जाते, आणि धातूचं विमान असेल तर परतीचा रस्ता पत्र्यातून. २० गेजची वायर (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक) मीटरला साधारण ०.०३२ ओहम देते, म्हणजे ५ मीटरमध्ये १.१ व्होल्ट वाटेतच गळाले. अमेरिकेच्या एफएएचं (तिथल्या विमान वाहतूक नियामकाचं) एसी ४३.१३-१बी हे परिपत्रक १४ व्होल्टच्या सिस्टिमला सतत चालणाऱ्या लोडसाठी अर्ध्या व्होल्टपर्यंतच सूट देतं. १६ गेजनेही ही मर्यादा किंचित ओलांडली जाते, १४ गेजवर ०.३५ व्होल्टला बसतं. फायबरचं विमान असेल तर पत्रा नाही, परतीची वायरही ओढावी लागते आणि आकडा दुप्पट होतो. आता त्याच जागी २ अँपिअरचा एलईडी लावला की २० गेजमध्ये ०.३२ व्होल्ट पडतो आणि विषय संपतो. दिवा बदलल्याने अख्खी वायर दोन-तीन मापांनी बारीक झाली. हा हिशेब तुम्ही केला नाही तर तुमच्यासाठी दुसरं कुणी करणार नाही. पॅनेलवाला चौरस मिलिमीटरमध्ये विचार करतो आणि ‘दीडची टाकून देऊ’ म्हणून मोकळा होतो.

हात बसला की नाही हे तपासायलाही सोपी युक्ती आहे. २२ गेजच्या वायरीवर लग क्रिम्प करा, लग शिकंजात धरा आणि वायरीला सातेक किलोचं वजन टांगा. १८ गेजला सतरा किलोच्या आसपास. वायर निसटली तर टूल, लग किंवा हात, यातलं काहीतरी चुकतंय. सलग दहा जोड टिकेपर्यंत विमानाला हात लावू नका. वायरमनची खरी किंमत इथे कळते: आवरण सोलताना एकही तार न कापणं, जुडी एकसारखी बांधणं, हे तो तुम्हाला एका रविवारी दाखवून जाईल.

मग सगळंच स्वतः का करू नये? कारण अॅव्हिऑनिक्सच्या (रेडिओ, डिस्प्ले यांसारख्या उपकरणांच्या) मागची बाजू हा वेगळा खेळ आहे. एका डिस्प्लेच्या मागे ३७ पिनांचा डी-सब, प्रत्येक पिनेत २२ गेजची वायर, त्यातल्या काही शील्ड (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं जाळीचं कवच) असलेल्या, आणि शील्ड नेहमीसारखी एकाच टोकाला जमिनीला जोडायची की दोन्हीकडे, हे प्रत्येक उपकरणाच्या मॅन्युअलनुसार. कॅन बस (उपकरणांना आपसात बोलायला जोडणारी दोन वायरींची लाइन) असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचं टर्मिनेशन (रेझिस्टर) हवं, मधली फाटे फोडणारी वायर आखूड हवी. हेडफोन आणि माइकचे जॅक धातूच्या पॅनेलपासून इन्सुलेटिंग वॉशर लावून वेगळे ठेवावे लागतात. त्यांची जमीन फक्त इंटरकॉमपाशी. एक वॉशर विसरला तर कानात अल्टरनेटर गुणगुणत राहतो आणि तो आवाज कुठून येतोय हे शोधण्यात पावसाळा निघून जातो. तयार हार्नेस बनवणारे हेच काम रोज करतात आणि प्रत्येक पिन तपासून पाठवतात. डायनॉनसारख्या कंपन्या स्वतःच्या डिस्प्लेसाठी तयार केबल विकतात. व्हॅन्सच्या आरव्ही-१२ सारख्या किटमध्ये तर वायरिंगचा बराच भाग आधीच बांधलेला येतो.

त्याचे तोटेही आहेत. बाहेरून मागवायचा म्हणजे कस्टम्स आलं, वाट पाहणं आलं. लांबी दुसऱ्याने ठरवलेली, त्यामुळे पॅनेलमध्ये रेडिओची जागा नंतर चार इंच सरकवली तर वायर पुरत नाही. तयार जुडीत काय कुठे गेलंय हे तुम्हाला कागदावरच दिसतं, हाताला माहीत नसतं.

फ्यूज की ब्रेकर यावर लोक फार वेळ घालवतात. दोन्ही चालतात. फ्यूज हलका आणि स्वस्त, ब्रेकर हाताने ओढता येतो. संरक्षण उपकरणाचं नसून वायरीचं असतं एवढं धरून चाला: २२ गेजला ५ अँपिअर, २० गेजला ७.५. बॅटरीचा काँटॅक्टर (मास्टर स्विचने चालणारा मोठा रिले) मात्र बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा, म्हणजे मास्टर पाडला की स्टार्टरच्या जाड वायरीत काही उरत नाही.

ज्यांच्याकडे आठवड्याला एक संध्याकाळही निघत नाही त्यांनी पॉवरचं कामही बाहेर द्यावं, पण विमानाची वायरिंग करून आलेल्या माणसाला; घरगुती किंवा कारखान्याच्या वायरमनला नाही. आणि ज्याला फक्त दिवसा उडायचं आहे, एक रेडिओ आणि साधे मीटर एवढंच हवं आहे, त्याने हार्नेसच्या भानगडीत न पडता सगळं स्वतः करायला हरकत नाही. परवानगीच्या वेळी सर्किट ड्रॉइंग आणि लोडचा हिशेब कुणीतरी मागणारच, तेव्हा पहिल्या वायरीपासून वही ठेवा.

हार्नेसची ऑर्डर पॅनेलचा पत्रा कापून झाल्यावरच द्या. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्या: पिन-आउटचा (कुठल्या पिनेत कुठली वायर याचा) पूर्ण तक्ता, वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर, वायरीचं स्पेसिफिकेशन आणि तिचं प्रमाणपत्र, आणि प्रत्येक कनेक्टरमागे उपकरण बाहेर ओढून हात घालता येईल एवढी जास्तीची लांबी.