छोटा प्रोजेक्टर आणि क्लिकर : सात महिने वापरल्यावर

जूनमध्ये बॅटरीवर चालणारा छोटा प्रोजेक्टर ऑनलाइन मागवला, साडेचौदा हजारांना. सोबत आठशेचा क्लिकर, म्हणजे स्लाइड पुढे-मागे करायचा रिमोट. आता जानेवारी संपत आला. आधीच सांगून टाकतो, पैसे वसूल केले ते क्लिकरने.

माझं काम हॉटेलांना गरम पाण्याचे हीट पंप विकायचं. राहतो गोव्यात, म्हापशाला, फिरती पेडण्यापासून काणकोणपर्यंत. पर्यटकांचा सीझन संपला की आमचा सुरू. पावसात हॉटेलं रिकामी, दुरुस्त्या निघालेल्या, मालक जागेवर सापडतात. त्याच माणसाला डिसेंबरात फोन करून बघा! लहान हॉटेलात कॉन्फरन्स रूम नसते आणि टीव्ही असला तर त्याची केबल सापडत नाही, म्हणून हा खटाटोप.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘9000 ल्युमेन्स’ (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप). खाली बारीक अक्षरांत ‘300 अ‍ॅन्सी ल्युमेन्स’. बघायचा तो हा दुसरा आकडा, कारण त्यात पडद्यावर नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढलेली असते. मी पहिला वाचून ऑर्डर दिली. एवढी वर्षं लोकांना कोटेशनमधली बारीक अक्षरं वाचायला सांगतोय, आणि स्वतः हे.

जुलैमध्ये कांदोळीला एका हॉटेलमालकांनी बाल्कांवात (दारापुढच्या उघड्या ओसरीवर) बसवलं. पाऊस उघडलेला, दुपारचे चार. समोर ते, त्यांचा पुतण्या आणि मेंटेनन्सवाला. मी 34 स्लाइड घेऊन गेलो होतो. पहिल्या सहा कंपनीच्या इतिहासाच्या, मग सर्टिफिकेटं, मग मोठ्या ग्राहकांचे लोगो. पांढऱ्या भिंतीवर निळसर धुकं दिसत होतं. मी फाइलचा आडोसा धरून बोलत राहिलो. अकराव्या स्लाइडला मालकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बाब, तें सोड. बील कितलें उणें जातलें तें सांग.”

प्रोजेक्टर बंद केला आणि कोटेशनच्या पाठीवर गणित मांडलं. 30 खोल्या, रोज 3000 लिटर गरम पाणी. हजार लिटर पाणी 25 अंशांवरून 55 वर न्यायला साधारण 35 युनिट लागतात, म्हणजे गीझरवर दिवसाला 105. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं, म्हणजे 35. वाचले 70. इथवर आल्यावर मी युनिटचा दर सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पुतण्याला वीजबिल आणायला लावलं, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि पुढचा गुणाकार स्वतः केला. तो कागद त्यांनी ठेवून घेतला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर ऑर्डर आली.

त्यानंतर 34 च्या सात स्लाइड झाल्या. इतिहास गेला, लोगो गेले. पहिल्या स्लाइडवर त्याच हॉटेलच्या बिलाचा फोटो असतो. तो आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागून घेतो, आणि जो बिल पाठवत नाही त्याच्याकडे जायची घाई करत नाही. तिसऱ्या स्लाइडला गणिताचा रिकामा तक्ता येतो. तिथे क्लिकरचं पडदा काळा करणारं बटण दाबतो (पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं तरी तेच होतं), आणि छापलेला तक्ता पेनासकट पुढे सरकवतो. भिंतीवर काही नसलं की माणसं कागदाकडे बघतात. आकडे त्यांनी भरायचे. मी तेवढा वेळ गप्प बसतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त सराव त्या गप्प बसण्याचाच करावा लागला.

पाचवी स्लाइड आमच्या साहेबांना अजून खटकते. समुद्राजवळच्या एका जुन्या हीट पंपाचा, खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमचे पत्रे खाऊन टाकलेला फोटो. किनाऱ्यालगत कोटिंगवाली कॉइल घ्यावी लागते, ती महाग पडते, आणि ती अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावी लागते. हे मीच आधी बोलून टाकतो. नाहीतर मेंटेनन्सवाला विचारतोच, तेही मी निघून गेल्यावर, मालकांना.

बाकी प्रोजेक्टरचं म्हणाल, तर पडदे ओढलेल्या खोलीत चांगला चालतो. भिंतीवर तिरका पडलेला चौकोन आपोआप सरळ करतो. पावसात वीज गेली तरी बॅटरी दीड तास टिकायची, आता सव्वा तास. पंख्याचा आवाज चार माणसांच्या खोलीत जाणवतो. ऑगस्टमध्ये लेन्सवर बुरशीसारखे ठिपके दिसले. सर्व्हिस सेंटरने ‘वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर केले. तेव्हापासून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो. मोबाइलशी वायरलेस जोडणी दोनदा ऐन वेळी तुटली, म्हणून केबलच वापरतो.

थोडक्यात, ज्यांना दिवसा उघड्यावर बसून दाखवायचं आहे त्यांनी हा घेऊ नये; छापील कागद आणि टॅब पुरे. क्लिकर मात्र घ्या, फक्त पडदा काळा करायचं बटण आहे का ते आधी बघा, काही स्वस्तातल्यांत नसतं. आणि त्याच्या यूएसबी डाँगलला लाल दोरा बांधा. माझा पहिला डाँगल कोलव्याच्या एका हॉटेलच्या लॅपटॉपला अजून तसाच असेल.